नदीचा काठ ढासळतो तेव्हा



देवास आणि धार ही पवार घराण्याची जुनी संस्थाने मराठी माणसास परकी नाहीत. पावलापावलावर पाणी देणारा मुलूख, अशी या माळव्याची ख्याती होती. त्याच देवास शहरास १९९० मध्ये आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्यात आले. परंतु बाहेरून आणलेले पाणीही अखेर त्याच काठांमधून वाहते. काठच दुबळे असतील, तर पाणी कोठूनही आले तरी ते गढूळच होणार.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून जड होते. पूर काठाचा पाया खातो व वरचा भाग कोसळतो. या मातीबरोबर तिच्या कणांस चिकटलेले स्फुरदही वाहून जाते. खतातील नत्र मात्र पाण्यात विरघळून ओढ्यात व विहिरीत उतरते. सांडपाणी आणि शेणखताचा निचरा यांची त्यात भर पडते. मग साचलेल्या डोहात शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असल्यास ते विशेषतः तान्ह्या मुलांस घातक ठरते.

हानी किती, हे मोजता येते. समजा, तीन मीटर उंचीचा काठ शंभर मीटर लांबीत एक मीटर मागे सरला. म्हणजे ३०० घनमीटर, सुमारे ४२० टन माती गेली. टनामागे अर्धा किलो स्फुरद धरल्यास २१० किलो स्फुरद नदीत गेले. डीएपीच्या ५० किलोच्या एकवीस पोत्यांत जेवढे स्फुरद असते, तेवढे हे झाले. यातील बरेचसे पिकास तत्काळ लाभणारे नसते, हे खरे. पण जमीन तर कायमचीच गेली.

मोजणीची रीत सोपी आहे. पावसाळ्यापूर्वी ओढ्याच्या काठाने चालत जाऊन काठाची उंची, उतार, मुळांची खोली आणि गुरांच्या उताराच्या जागा नोंदवाव्यात. अर्धा मीटर लांबीच्या लोखंडी सळ्या काठात आडव्या, टोकापर्यंत ठोकाव्यात. दसऱ्यानंतर जितकी सळई उघडी पडेल, तितका काठ गेला असे समजावे. पहिल्या पुरात, दिवाळीनंतर आणि वैशाखात गावाच्या वरच्या व खालच्या बाजूस पाण्याचे नमुने घ्यावेत. दोहोंतील फरक हाच गावाचा वाटा होय. नोंदवही शाळेत ठेवता येईल. मात्र पोखरलेल्या काठाखाली मुलांस उभे राहू देऊ नये. नमुन्यांची तपासणी करवून तिचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखविणे, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

उपायही आवाक्यातले आहेत. काठालगतचा पट्टा नांगरू नये. तेथे वाळा, निर्गुडी, करंज लावावेत. गुरांसाठी एकच दगडी उतार बांधावा. उकिरडा ओढ्यापासून दूर न्यावा. युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा.

धार जिल्ह्यात माहीचा उगम होतो; त्याच जिल्ह्याच्या दक्षिण उतारावरील पाणी नर्मदेस मिळते. म्हणजे एका गावाची माती कोठवर जाते, याची कल्पना यावी. देवासच्या शेतकऱ्यांनी २००६ पासून स्वतःच्या जमिनीत शेततळी खोदून पाणी अडविले व त्यांस ‘रेवासागर’ म्हटले. ज्यांनी पाण्यासाठी शेताचा तुकडा सोडला, त्यांस काठासाठी चार हात जागा सोडणे जड जाऊ नये.