राकसकोप भरलं, पुढे काय?

(अभ्यासमंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.)



जुलै उजाडला की बेळगावात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो. 2475. राकसकोप जलाशयाची पूर्ण पातळी, फुटांत. आज किती फूट, काल किती फूट, पेपरात रोज छापून येतं. मे महिन्यात नळाची वाट बघून कंटाळलेली माणसं तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा वाचतात. पातळी गाठली की गंगापूजन होतं, फोटो येतात आणि शहराचा जीव भांड्यात पडतो.

मी शहरात राहत नाही. माझं गाव मार्कंडेयच्या काठावर, धरणाच्या खालच्या अंगाला. आमच्याकडे 2475 चा अर्थ वेगळा आहे. आता वरून येईल ते पाणी तिथं थांबणार नाही, आमच्याकडे येणार. आज मला या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलायचंय.

ऑगस्ट 2019 मध्ये मी दहावीत होते. पावसामुळे शाळा बंद. आज्जा नदीवरची मोटर वर काढायला गेले होते आणि घरात आई दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन बघत होती. कुणीतरी फोन केला, ‘गेट उघडायलेत म्हणे.’ किती गेट, किती फूट, पाणी आमच्यापर्यंत किती वेळात येणार, कुणालाच माहीत नाही. नुसतं ‘म्हणे’. आज्जा परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजलेले होते. मोटर गेली, भाताची लावण गेली. माणूस आला, म्हणून आम्ही गप्प बसलो.

चार-पाच दिवसांनी एका कार्यालयाच्या भिंतीवर मला एक टाइप केलेला कागद दिसला. नदीकाठच्यांनी सावध राहावं, जनावरं आणि पंपसेट हलवावेत, अशी सूचना. तारीख पुराच्या आधीची. भाषा फक्त कन्नड. मला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकले, आवडतंही. आज्जांना येत नाही. म्हणजे सूचना निघाली होती. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. फक्त ज्याची मोटर नदीत होती, त्याच्यापर्यंत ती आली नाही.

आता इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो पूर राकसकोपमुळे आला असं मी म्हणत नाहीये. त्या आठवड्यात अख्ख्या जिल्ह्यात पाऊस कोसळत होता. मार्कंडेय पुढे गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते आणि ते गोकाक शहरसुद्धा पाण्यात होतं. पण पाणीपुरवठ्याच्या धरणाचा स्वभाव समजून घ्या. शहराला पाणी पुरवायचं तर ते शक्य तितकं लवकर आणि काठोकाठ भरलेलं हवं. पूर अडवायचा तर आत रिकामी जागा हवी. एकाच भांड्याकडून या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. राकसकोप हे मुळात शहराच्या पाण्यासाठीचं, मोठ्या धरणांच्या मानानं लहान भांडं आहे. ते भरलं की जितकं येईल तितकं पुढे सोडणं एवढंच त्याच्या हातात राहतं. तेव्हा खालच्या गावांची सुरक्षितता दोनच गोष्टींवर टिकते. दरवाजे नीट चालणं आणि निरोप वेळेवर पोचणं.

दरवाजांचं आणि सांडव्याचं काय होऊ शकतं, हे सांगायला मी तुम्हाला ग्वाल्हेरला नेते. आपल्यासारखीच जुनी मराठी वस्ती तिथं आहे, शिंद्यांच्या काळापासूनची. त्या शहराला पाणी देण्यासाठी सांक नदीवर तिघरा धरण बांधलं गेलं. दगडी बांधकाम, चुन्याचा गारा, उंची सुमारे 24 मीटर. पुण्याजवळ खडकवासल्याला वापरलेले विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे तिथंही बसवले होते. म्हणजे त्या काळातलं उत्तम तंत्र होतं, पैसा होता, दरबाराचं लक्ष होतं. आणि ऑगस्ट 1917 मध्ये ते धरण गेलं. पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागलं, सुमारे 400 मीटर लांबीवर, जवळजवळ 0.85 मीटर खोलीचं. मग भिंतीचे दोन मोठे भाग जागेवरून सरकले. फुटले नाहीत बरं का, पायावरून घसरले. खाली वालुकाश्माचा खडक, त्यात पाणी मुरलेलं. दगडी धरण आपल्या वजनानं उभं असतं. पायातल्या पाण्यानं ते खालून उचललं जाऊ लागलं आणि वरून मापाबाहेरचा लोंढा आला, तर वजन पुरत नाही. 1929 मध्ये ते पुन्हा उभारलं आणि ग्वाल्हेर आजही तिघऱ्याचं पाणी पितं. मला यातली लक्षात राहिलेली गोष्ट ही, की माथ्यावरून पाणी जाताना बघणाऱ्याला भिंत भक्कमच दिसत असणार.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. तर मग 10 ऑगस्ट 2024 ची रात्र घ्या. आपल्याच राज्यातलं तुंगभद्रा धरण, 33 दरवाजे. त्यातल्या 19 नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण भरलेलं होतं. साखळी! भिंत नाही, खडक नाही. वाहत्या पाण्यात तिथं तात्पुरती झडप बसवायला जवळपास आठवडा लागला आणि तोवर शेतीसाठी साठवलेलं किती तरी पाणी नदीत गेलं. दरवाजा, साखळी, वंगण, गंज यांची बातमी कधी होत नाही. पातळीची होते. पेपरवाल्यांना दोष देत नाही, आपणही तेच वाचतो.

राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही पाणी शिकतो ते लवादांचं. कृष्णा, म्हादई, कुणाला किती टीएमसी. राकसकोपच्या वरच्या अंगाला चंदगड तालुक्यातलं तुडये, म्हणजे महाराष्ट्र. धरण कर्नाटकात. इथं दोन राज्यांतलं वाटप दिसतं, त्यावर भाषणं होतात. पण रात्री दोन वाजता नदीकाठच्या घराला कोण उठवणार, हा प्रश्न कुठल्या प्रकरणात येत नाही. मी शोधला, आणि तो सापडला कायद्यात.

धरण सुरक्षा कायदा, 2021. तो 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. 10 ते 15 मीटरमधलीही येतात, जर साठा दहा लाख घनमीटर किंवा जास्त असेल, किंवा आणखी काही अटी बसत असतील. राकसकोपचा साठा दहा लाख घनमीटरच्या कितीतरी पट आहे. कायद्याप्रमाणे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावी लागते. शिवाय आपत्कालीन कृती आराखडा तयार करावा लागतो. जुन्या धरणांसाठी त्याला कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत. मोजा, डिसेंबर 2026 येतं. धरणाला धोका झाला तर पाणी कुठपर्यंत पसरेल, कुणाला आधी कळवायचं, माणसं कुठं न्यायची, हे त्या आराखड्यात असायला हवं. म्हणजे आमच्या गावाचं नाव त्यात असायला हवं. ते आहे का?

आणि कोणत्या भाषेत? जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर कधीच ठरलेलं आहे. बेळगाव तालुक्यात आपण 15 टक्क्यांच्या कितीतरी वर आहोत. दुकानाच्या पाटीवरून आपण रस्त्यावर येतो. पुराच्या सूचनेवरून आलेलं मी अजून पाहिलं नाही.

पण फक्त मराठीत कागद आला की झालं, असंही समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. वीसहून जास्त माणसं गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधी केलेली होती. गावकरी मराठी, कार्यालय मराठी, अर्ज मराठी. ऐकलं कुणी? म्हणून भाषेची मागणी करायची ती सूचना मिळावी म्हणून, आणि सोबत तपासणीचा अहवालही मागायचा. एक मागून दुसरं सोडलं, तर आपल्या हातात एक सुंदर मराठी पाटी येईल आणि गंजलेली साखळी तशीच राहील.

आता कामाचं. माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार केलाय. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे एका अर्जात सगळं कोंबता येत नाही. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज इंग्रजीत केलाय. कन्नडमधूनही देऊ, मी लिहिते. पहिल्यात विचारलंय, राकसकोप या कायद्याखाली नोंदलेलं आहे का आणि गेल्या पावसाळ्याआधीच्या तपासणीचा अहवाल द्या. दुसऱ्यात आपत्कालीन आराखडा आणि त्यातली गावांची यादी. तिसऱ्यात, दरवाजे उघडण्याआधी कुणाला, कसं आणि कोणत्या भाषेत कळवतात.

दुसरं काम नदीवरचं. 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, ते प्रत्येक गावात कुणाला तरी आठवतंय. मंदिराची कितवी पायरी, कुणाच्या गोठ्याचा उंबरा. ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. येत्या रविवारी ऑइल पेंट आणि ब्रश घेऊन आम्ही सहाजण आमच्या गावात खुणा करणार आहोत. घरमालकाला विचारूनच. उचगाव, आंबेवाडी, कंग्राळी, कडोली या बाजूचे कुणी इथं असाल तर बैठक संपल्यावर थांबा, तुमच्या गावाची तारीख ठरवू. पेंट आमच्याकडे अर्धा डबा उरणार आहे.