स्मृतिभ्रंश झालेल्यांची शुश्रूषा

समजा, डोंबिवलीत एक वृद्धाश्रम आहे. कल्याणला, ठाण्यालाही तसा सापडेल. तेथील एका आजोबांनी जन्मभर मुंबईची लोकल गाठली. आता रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ते चपला घालून दाराशी येतात. “दार उघडा, माझी गाडी चुकेल!” मावशी सांगतात, “आजोबा, तुम्ही रिटायर झालात ना?” आजोबा चिडतात, हात उगारतात. मग दाराला कुलूप लागते आणि झोपेच्या गोळीची गोष्ट निघते.

आपण अशा घरी काम करीत असाल, तर हा प्रसंग आपल्याला नवा नाही. जर्मन डॉक्टर आल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेला आजार हे स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सातजणांना स्मृतिभ्रंश आहे. तो बरा करणारे औषध नाही. म्हणून सांभाळणाऱ्याचे शहाणपण फार मोलाचे.

या आजारात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात. आजोबांच्या लेखी आजही कामाचाच दिवस आहे. तेथे वाद घालून काय उपयोग?

त्यापेक्षा एक वही घ्या. चार रकाने आखा: केव्हा झाले, त्याआधी काय घडले, आपण काय केले, पुढे काय झाले. आठवडाभर लिहा. मग कदाचित दिसेल की, सहालाच पाळी बदलते, दिवसपाळीच्या मावशी पर्स उचलतात नि म्हणतात, “चला गं, गाडी चुकेल!” आजोबांना गाडीची आठवण आपणच करून देत होतो!

आता पाळी आतल्या खोलीत बदला. त्या वेळी एकीने आजोबांना चहा द्यावा, विचारावे, “आजोबा, तुम्ही फास्ट पकडायचा की स्लो?” उपाय चुकला, तर तेही वहीत लिहा आणि दुसरा करून पहा.

मात्र एकदोन दिवसांतच गोंधळ एकाएकी वाढला, तर लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणे किंवा नवे औषध कारण असू शकते. डॉक्टरांना लगेच बोलवा.

आणि व्यवस्थापकांनो, पाळी बदलताना दहा मिनिटे सर्वांसह बसा. आजोबांना भरवणाऱ्या मावशींना आधी बोलू द्या. चूक सांगणाऱ्यावर रागावू नका; नाहीतर वहीत उद्यापासून ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिले जाईल, आणि कुलूप दारावर तसेच राहील.