भूल आणि हृदय

आमच्या बुलडाण्याकडं माणसं ऑपरेशनपेक्षा भुलीला जास्त घाबरतात. भीती अगदीच खोटी नाही. १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. (आपला वऱ्हाडही तेव्हा नावापुरता निजामाचाच.) डॉ. लॉरींचा निर्वाळा असा, की श्वास सांभाळा, हृदयाची काळजी नको. पण १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मच्या अर्धवट भुलीतच हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते.

क्लोरोफॉर्म गेला, प्रश्न उरला. भुलीची बरीच औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब उतरतो. निरोगी हृदय जोर वाढवून निभावून नेतं. महाधमनीची झडप अरुंद असेल, तर जोर लावूनही रक्त पुढं सरकत नाही आणि खुद्द हृदयच उपाशी राहतं. म्हणून आधी इको, मग औषध बेताबेतानं.

माझी खाला मात्र रोजची झोपेची गोळी सांगायलाच तयार नव्हती. "तू आपल्या कविता लिही," म्हणाली. ही गोळी भुलीत भर घालते, श्वास मंदावते; परस्पर बंद केली तरी त्रास. शेवटी पानदानातून पट्टी निघाली. भूलतज्ज्ञांनी ती उलटून पाहिली आणि मात्रा नव्यानं ठरवली.