खाऱ्या मातीतील भात



मोहगावच्या शिवारातील पावसाचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असा मार्ग क्रमून गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास मिळते. नदीमुखाजवळील जमीन भरतीच्या पाण्याने खारावते व सामान्य भात तेथे करपतो. कोकणातील अशाच खारभूमीत मात्र ‘राता’ भात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला. बियाण्यातील आनुवंशिक विविधता हे त्याचे कारण होय. एकाच शेतातील सर्व रोपे सारखी नसतात. मीठ सोसणारी तरली आणि त्यांचेच बी शेतकऱ्यांनी राखले.

पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात ‘भुरा राता’च्या निवड वाणाचा फिलिपाइन्सच्या आय. आर. ८ शी संकर करून ‘पनवेल-१’ सिद्ध झाला. क्षार सोसण्याचा गुण कोकणच्या कणगीतला. ते जुने बी आधीच मोडीत निघाले असते, तर या संकरास जनकच मिळाला नसता.