वांड म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी



उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा खानदेशातून जातो. या मार्गाने गेल्या कित्येक दशकांत खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेस गेली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत वस्ती करून राहिली. यंत्रमाग, रंगाई-छपाई व साडीचा धंदा यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. त्यांची मुले महानगरपालिकेच्या शाळांतून शिकतात. या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाचेही वर्ग आहेत.

अशा वस्तीतील आठ वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. वडील मागावर बारा तासांची रात्रपाळी करतात आणि दिवसा त्याच एका खोलीत झोपतात. म्हणून मुलाने दिवसभर आवाज करावयाचा नाही. ज्या आजीच्या कुशीत तो वाढला ती गावी राहिली. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि गल्लीत गुजराती व हिंदी. हा मुलगा वर्गात शेजाऱ्यास चावतो, वह्या फाडतो, विचारले तर तोंडातून शब्द काढीत नाही. गुरुजी त्याला शेवटच्या बाकावर बसवितात, वडील मारतात, नात्यातील कोणी बाहेरची बाधा म्हणून गंडा बांधण्याचा सल्ला देतो. तिसऱ्या इयत्तेत ‘वांड’ हे नाव पडते आणि पाचवी-सहावीपर्यंत मुलगा शाळेबाहेर पडतो. असा मुलगा सुरतेतच आहे असे नव्हे; ऊसतोडणीच्या फडावर आणि वीटभट्टीवरही तो आहे.

या मुलाच्या वागण्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. हा दोष आहे, तो मोडून काढावा, ही एक दृष्टी. दुसरी अशी की, मूल काही सांगत आहे, पण सांगावयास त्याच्यापाशी शब्द नाहीत. प्रौढ माणूस दुःख बोलून दाखवितो; बालक ते खेळून दाखविते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दुसऱ्या दृष्टीवर आधारलेली क्रीडोपचाराची पद्धत मांडली. पद्धतीचे स्वरूप दिसावयास साधे आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एका खोलीत मूल व उपचारक असे दोघेच असतात. वाळू, पाणी, माती, रंग, बाहुल्या मांडलेल्या असतात. काय खेळावयाचे हे मूल ठरविते. उपचारक शिकवीत नाही, चुका काढीत नाही, उगाच प्रश्न विचारीत नाही आणि वारेमाप कौतुकही करीत नाही. मुलाने बाहुली आपटली तर तो एवढेच म्हणतो, “तुला हिचा फार राग आला आहे.” आपला राग कोणी तरी ओळखला आणि तरीही आपल्याला हाकलून दिले नाही, हा अनुभव पुष्कळ मुलांना आयुष्यात प्रथमच येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मोकळीक म्हणजे बेबंदपणा नव्हे. स्वतःला, दुसऱ्याला इजा करावयाची नाही, खोलीची मोडतोड करावयाची नाही आणि वेळ संपली की थांबावयाचे, ही मर्यादा या पद्धतीत काटेकोरपणे पाळली जाते. मात्र ती शांतपणे सांगितली जाते. राग येण्यास बंदी नाही; चावण्यास बंदी आहे.

ही केवळ परदेशी कल्पना समजण्याचे कारण नाही. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील कल्पित शिक्षक चौथीचा एक दंगेखोर वर्ग हाती घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि तो प्रयत्न साफ फसतो. मुले गोंधळ घालतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग आपोआप त्याच्याभोवती गोळा होतो. ज्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी यश हवे असते त्यांनी तो फसलेला पहिला दिवस अवश्य वाचावा.

गिजुभाईंच्या सहवासात भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली हे कार्य सुरतेच्याच लोहमार्गावरील घोलवड स्थानकाजवळच्या बोर्डी गावी आणले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हेच तेथील साहित्य. कोसबाडला क्रीडोपचार हे नाव कोणी दिले नव्हते, आणि रोगोपचार हा त्या कार्याचा उद्देशही नव्हता. परंतु मूल जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा, हे सूत्र एकच.

सुरतेच्या वस्तीत साहित्याची वाण पडू नये. साडीची रिकामी खोकी, धाग्याच्या रिकाम्या बॉबिन, चिंध्या ही सर्व दारातच आहेत. चिंध्यांची बाहुली आईला करता येते. पोळ्याला ज्या मातीचे बैल होतात तीच माती येथे चालते. परातीत वाळू भरली की तिच्यात गाव मांडता येते; कोणी सांगावे, त्या गावात आजीचे घरही निघेल. वडिलांनी सुटीच्या दिवशी अर्धा तास मुलाजवळ खाली बसावे आणि त्या अर्ध्या तासात उपदेश करू नये. ही अट वाटते तितकी सोपी नाही. शिक्षकाने अशा मुलाला आठवड्यातून एकदा कोऱ्या कागदावर मनास येईल ते काढू द्यावे, त्यास गुण देऊ नयेत आणि ते भिंतीवर लावण्यापूर्वी मुलाला विचारावे. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्यास हे जड जाईल, हे मान्य करावेच लागेल. छडीची वाट मात्र त्याला मोकळी नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे.

तथापि घरातील अर्धा तास म्हणजे उपचार नव्हे. उपचार प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाचा असतो. शिवाय प्रत्येक हूडपणाचे मूळ मनातच असते असेही नाही. ज्यास ऐकू कमी येते ते मूल आज्ञा मोडते असे वाटते. ज्यास अक्षरे ओळखण्याची अडचण आहे ते वाचनाच्या तासालाच दंगा करते. क्षणभर शून्यात पाहणारे मूल कदाचित अपस्माराचे रुग्ण असते. स्वमग्नता वा अतिचंचलता असल्यास निराळे प्रशिक्षण, पालकांस मार्गदर्शन आणि क्वचित औषधेही लागतात. म्हणून प्रथम कान, डोळे व प्रकृती यांची तपासणी करून घ्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची विनामूल्य तपासणी होते आणि गरज भासल्यास मुलाला पुढील उपचारासाठी पाठविले जाते. सुरतेत नवीन सिव्हिल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलिमानसचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू असून तेथे मराठीत व गुजरातीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना मुलाने काढलेली चित्रे बरोबर न्यावीत. मूल केव्हा, कोठे आणि कशानंतर बिथरते, याची शिक्षकाने व आईने पंधरा दिवस ठेवलेली टिपणेही त्यांना दाखवावीत.