आजारपण, विमा आणि घरसंसार

संसारावर येणारी संकटे नाना प्रकारची असतात. पीक बुडाले तर वर्षाचे उत्पन्न जाते, पण राबणारे हात शाबूत राहतात. चोरी झाली तर चीजवस्तू जाते, पण मिळवता माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो. आजारपणाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते दोन्ही बाजूंनी एकदम घाला घालते. मिळवत्या माणसाची कमाई थांबते, आणि नेमक्या त्याच दिवसापासून खर्चाचा ओघ सुरू होतो. आजवर कोणापुढे हात न पसरलेले घर एका मोठ्या दुखण्याने सावकाराच्या ओटीवर जाऊन बसते. दुखणे बरे होते, परंतु कर्ज बरे होत नाही. ते मुलांच्या शिक्षणात आणि ताटातील भाजीभाकरीत वर्षानुवर्षे उतरत राहते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडील जुने शहाणपण आहे. परंतु एकट्या कुटुंबाला विहीर खणणे पेलत नाही. चार घरांनी, किंबहुना सबंध गावाने मिळून ती आधीच खणून ठेवावी लागते, आणि मग ज्याला तहान लागेल त्याने तिचे पाणी घ्यावयाचे असते. आरोग्य विम्याचे तत्त्व ह्यापेक्षा वेगळे नाही. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला पुरेसे मिळावे, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात ह्या तत्त्वाचा पाया घालण्याचे श्रेय एका मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. प्राध्यापक बी. पी. अडारकर ह्यांच्यावर १९४३ साली औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्या अहवालाच्या आधारे १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा संमत झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रत्यक्ष आरंभ झाला. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ह्या कायद्याचा समावेश करण्यात आला.

ह्या योजनेतील मर्म असे की, वर्गणी कुटुंब किती मोठे आहे किंवा घरात आजारी किती आहेत हे पाहून ठरत नाही. ती वेतनाच्या प्रमाणात ठरते. जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरविण्यात आला. म्हणजे बारा हजार रुपये वेतनावर कामगाराचे नव्वद रुपये आणि मालकाचे तीनशे नव्वद. ह्याच्या बदल्यात कामगाराला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना औषधोपचार मिळतात. शिवाय आजारपणाच्या काळात ठरावीक मुदतीपर्यंत वेतनाचा मोठा भाग रोख मिळतो. औषध आणि बुडालेली मजुरी ह्या दोन्हींचा विचार एकाच योजनेत केलेला असावा, ही त्यातील दूरदृष्टी होय.

तथापि ह्या छत्राखाली येण्यासाठी नोंदलेली नोकरी असावी लागते. शेतमजूर, हमाल, गवंडी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि फेरीवाले ह्यांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते. पैशाच्या अभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हा आदर्श भोर समितीने १९४६ सालच्या आपल्या अहवालात देशापुढे ठेवला होता. त्या आदर्शाच्या दिशेने पडलेली पुढची पावले फार उशिरा पडली. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव देण्यात आले. राज्यातील सर्व कुटुंबांना ती खुली करण्याचा आणि उपचारांची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ साली झाला. दरम्यान सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली होती. तीत पात्र कुटुंबाला दर वर्षी पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात. कुटुंबात माणसे किती, त्यांची वये काय आणि आजार जुना की नवा, ह्यांवरून कोणाला वगळले जात नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, ह्या योजनेत सामावून घेण्यात आले.

योजनांची ही नामावळी ऐकताना प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु योजना कागदावर असणे आणि ती घरात पोचणे, ह्यांत मोठे अंतर आहे. ते अंतर उमजण्यासाठी एका कुटुंबाची कल्पना करावी. खानदेशातील एक तरुण सुरतेला यंत्रमागावर कामाला आहे. खानदेशातून तिकडे गेलेली अशी घरे पुष्कळ आहेत. त्याची पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे, पदरी दीड वर्षाचे मूल आहे आणि बहात्तर वर्षांची आई मधुमेहाने आजारी आहे. शिधापत्रिका गावाकडे, घर भाड्याचे आणि शहर परक्या भाषेचे. ह्या घराने आपल्या वाट्याचे काय काय मागावे?

पहिली गोष्ट मालकाला विचारण्याची. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या कारखान्याला कामगार विम्याचे नियम लागू होऊ शकतात. आपल्या नावाची नोंद झाली आहे काय आणि विमा क्रमांक मिळाला आहे काय, हे विचारण्यात कोणताही अपराध नाही. दुसरी गोष्ट, केंद्राच्या योजनेच्या यादीत कुटुंबाचे नाव आहे किंवा नाही हे पाहण्याची. नाव असल्यास ते कार्ड गावापुरते बांधलेले नसते. खानदेशात काढलेल्या कार्डावर सुरतेतील योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात उपचार मिळू शकतात. उलटपक्षी राज्याच्या योजनेचा आधार बहुतांशी त्या राज्यापुरताच असतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे माणसे परमुलखात हातातले कार्ड पेटीत ठेवून उसनवारी करतात, किंवा भलते कार्ड घेऊन भलत्या दारात उभी राहतात. त्या घरातील म्हातारीचा हक्क तर केवळ वयानेच सिद्ध होतो; मुलाची मिळकत किती, हा प्रश्न तेथे येतच नाही.

परंतु येथेच विम्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. अशा योजनांचे कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याच्या उपयोगी पडते. म्हातारीला मधुमेहाच्या गोळ्या मात्र रोज लागतात, आणि त्यांसाठी ती दाखल होत नाही. संसाराची चाळण होते ती पुष्कळदा अशा रोजच्या गळतीने. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. उतार मोठा आहे, पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजूनही घरातूनच जात होते. ह्यावरचा उपाय विम्यात नाही. तो सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणाऱ्या औषधांत आहे. तमिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ स्थापून औषधांची एकत्र खरेदी आरंभिली, आणि राजस्थानने २०११ साली सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, तो ह्याच विचाराने. जनऔषधी दुकानांचा उपक्रम २००८ साली सुरू झाला. तेथे औषध मूळ नावाने मिळते आणि बाजारातील नामांकित औषधांहून पुष्कळ स्वस्त पडते. म्हणून औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करण्यास संकोचू नये.

आता त्या घरातील सुनेकडे वळावे. घरात दुखणे अंगावर काढण्याची पाळी नेहमी पहिल्याने बाईचीच असते. मुलाचा ताप, सासूची साखर आणि नवऱ्याचा खोकला ह्यांची विचारपूस होते. आपल्या अंगातले रक्त कमी झाल्याचे मात्र तिला कोणी तरी सांगावे लागते. प्रसूती हा केवळ घरातील स्त्रीचा खाजगी प्रश्न नसून समाजाची ती जबाबदारी आहे, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडली होती, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. आज कारखान्यातील नोंदलेल्या स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. नोंद नसलेल्या स्त्रीसाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. जून २०११ पासून सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेचे असले तरी, पूर्णपणे विनामूल्य करण्यात आले. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, रुग्णालयातील आहार आणि घरापासून रुग्णालयापर्यंत जाण्यायेण्याचे वाहन ही सर्व त्यात येतात. आजारी नवजात बालकाचे उपचारही त्यात आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी करण्याचा प्रघात २०१६ पासून पडला आहे. परगावच्या त्या सुनेने ही एक तारीख लक्षात ठेवली, तरी पुढचे पुष्कळसे मार्ग तिला तेथेच कळतील.

पदरचे मूल दीड वर्षाचे असताना दुसऱ्या खेपेस दिवस जावेत, ही तिची इच्छा होती काय? हा प्रश्न तिला बहुधा कोणी विचारलेला नसतो. तो मोठ्याने विचारण्याचे धैर्य ज्यांनी पहिल्याने दाखविले, त्यांत रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. ह्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. तरीही १९२७ पासून १९५३ साली देहावसान होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी चालविले. योगायोग असा की, ते हयात असतानाच, १९५२ साली, भारताने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. ज्या साधनांसाठी कर्वे ह्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, ती साधने आज सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. निरोध, रोजच्या गोळ्या, तांबी, आठवड्याची ‘छाया’ गोळी आणि तीन महिन्यांनी घ्यावयाची ‘अंतरा’ सुई, ह्यांतून आपल्या प्रकृतीस मानवेल ते साधन डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडता येते. पुरुषांची नसबंदी ही स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा साधी आहे. असे असूनही शस्त्रक्रियेचा भार बहुतेक घरांत स्त्रीच्याच अंगावर टाकला जातो, हे शोचनीय होय.

गर्भपाताविषयी तर अज्ञान जिवावर बेतते. महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा ह्यांच्या समितीने १९६६ साली दिलेल्या अहवालानंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि काही विशिष्ट स्त्रियांच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरणे हेही वीस आठवड्यांपर्यंत मान्य कारण आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा सासरची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. इतके असूनही भीतीपोटी किंवा लाजेपोटी स्त्रिया मान्यता नसलेल्या ठिकाणी जातात आणि प्राणास मुकतात. सरकारी रुग्णालयाचा दरवाजा उघडा असताना आडवाटेने जाण्याची पाळी त्यांच्यावर यावी, हा दोष त्यांचा नव्हे. वेळीच मोकळेपणाने न बोलणाऱ्या घराचा आणि समाजाचा तो दोष आहे.

ह्या साऱ्या विवेचनातून एक गोष्ट दिसून येते. गेल्या पाऊणशे वर्षांत विहिरी पुष्कळ खणल्या गेल्या. काहींना पाणी कमी आहे, काही दूर आहेत, आणि काहींवर रांगा मोठ्या आहेत. त्या खोल करण्याचे आणि जवळ आणण्याचे काम सरकारचे आहे, आणि ते मागत राहणे नागरिकाचे आहे. परंतु कित्येक घरे विहिरीच्या काठी उभी राहूनही तहानलेलीच परत जातात. कारण विहीर आपली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहिलेला गरीब माणूस आवाज खाली करून बोलतो, जणू तो दान मागायला आला आहे. वस्तुतः त्याने ते आपल्या वर्गणीतून आणि आपल्या करांतून, मिठापासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक वस्तू उपजविणाऱ्या आपल्या श्रमांतून आधीच भरलेले असते.

सुरतेतील त्या घरी एखाद्या संध्याकाळी शेजारीण आली, तिने नऊ तारखेची आठवण करून दिली, म्हातारीच्या कार्डाची चौकशी केली आणि सुनेला आरोग्य केंद्रात सोबत नेले, तर त्या घराचे पुढचे वर्ष निराळे जाईल. सावकाराच्या वहीत एक नाव कमी पडेल. आरोग्याच्या साऱ्या योजनांचा शेवटचा टप्पा हा असा शेजारच्या उंबरठ्यापर्यंतचा असतो, आणि तो चालून जाण्यासाठी कोणत्याही कार्डाची आवश्यकता लागत नाही.