डिजिटल पासाची फाइल : ती उघडणे व न उघडल्यास कारण शोधणे

(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यात कोणाची तार आली की ती वाचून घेण्यासाठी लोक पूर्वी शाळेकडे धाव घेत. तारसेवा २०१३ साली बंद झाली. शाळेकडे येणे मात्र बंद झाले नाही. आता तारेऐवजी फोन पुढे केला जातो आणि "गुरुजी, मुलाने पाठविलेले हे काही उघडत नाही, जरा पाहता का?" असा प्रश्न येतो. मुलगा परदेशी नोकरीस असतो. आईचे विमानाचे तिकीट त्याने तिकडूनच काढलेले असते, तिची बसण्याची जागाही नक्की केलेली असते आणि जो पास त्याला मिळाला तो त्याने जसाच्या तसा आईकडे धाडलेला असतो. त्याचा फोन आयफोन, आईचा अँड्रॉइड. त्याच्याकडे जो पास छापील तिकिटासारखा सुबक दिसतो, तो आईच्या फोनवर एक लांबलचक नाव व त्यापुढे 'पीकेपास' ही अक्षरे एवढ्याच रूपाने दिसतो. विमान तर दुसऱ्या दिवशी पहाटेचे. घरात कोणी म्हणतो तिकीट खोटे निघाले, कोणी म्हणतो पैसे बुडाले.

अशा प्रसंगी फोन हाती घेण्यापूर्वी शिक्षकाने त्या माउलीस धीर द्यावा. फाइल उघडली नाही म्हणून तिकीट रद्द होत नाही. तिची जागा विमानकंपनीच्या नोंदीत राखलेली असते. पास ही त्या नोंदीची केवळ खूण होय. विमानतळाच्या दारावर तिकिटाची छापील प्रत व ओळखपत्र दाखविले की आत जाता येते. पुढे कंपनीच्या खिडकीवर आरक्षणाचा सहा अक्षरी क्रमांक आणि पासपोर्ट दिल्यास नवा पास छापून मिळतो. काही कंपन्या त्याबद्दल जादा आकार घेतात, एवढाच काय तो तोटा. परंतु नाट्यप्रयोग, सामना किंवा प्रदर्शन यांच्या दारावर अशी खिडकी असेलच असे नाही. तेथे फाइल उघडणे हेच महत्त्वाचे ठरते, आणि त्यासाठी तिची घडण समजून घेतली पाहिजे.

ही फाइल अ‍ॅपल कंपनीने प्रचारात आणली. २०१२ साली आयफोनात 'पासबुक' नावाची सोय आली. २०१५ साली तिचे नाव 'वॉलेट' झाले. विमानाचा पास, कार्यक्रमाचे तिकीट, दुकानाचे सवलतपत्र, सभासदाचे कार्ड असे निरनिराळे प्रकार तीत ठेवता येतात. फाइल वरून एकसंध दिसली तरी वस्तुतः तो एक गठ्ठा असतो. संगणकावर अनेक कागद एकत्र बांधण्याची 'झिप' म्हणून जी रीत आहे, त्याच रीतीने तो बांधलेला असतो. आत एक मुख्य मजकुराचा कागद असतो, दोनचार लहान चित्रे असतात, सर्व तुकड्यांची एक यादी असते आणि शेवटी सही असते.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे पाकीट बांधण्याचा अनुभव शिक्षकांस आहेच. आत किती उत्तरपत्रिका आहेत याची यादी, तीवर पर्यवेक्षकाची सही, वर सील. सील फुटलेले पाकीट आतील उत्तरपत्रिका पुऱ्या असल्या तरी स्वीकारले जात नाही. पासाच्या फाइलीचा न्याय अगदी हाच आहे. यादीत प्रत्येक तुकड्यापुढे त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेला चाळीस अक्षरांचा एक ठसा लिहिलेला असतो. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो ठसा जुळेनासा होतो. ह्या यादीवर पास काढणाऱ्या संस्थेची सही असते व त्या सहीमागे अ‍ॅपलने संस्थेस दिलेले प्रमाणपत्र असते. आयफोन प्रथम हे सर्व ताडून पाहतो आणि जुळले तरच पास दाखवितो. म्हणून एखाद्या उत्साही भाच्याने फाइल संगणकावर सोडून मावशीच्या नावाचे स्पेलिंग दुरुस्त केले व पुन्हा बांधली, तर ती फाइल आयफोनाच्या दृष्टीने निकामी झाली. नाव चुकले असल्यास ते कंपनीकडूनच दुरुस्त करून घ्यावे. आणि पुष्कळदा ते चुकलेलेही नसते! विमानाच्या पासावरील सांकेतिक मजकुरात आडनाव व नाव मिळून रोमन लिपीतील वीसच अक्षरांची जागा असते. आपल्याकडील लांब नावे तेथे मध्येच तुटतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता निरनिराळ्या साधनांवर काय करावयाचे ते पाहू. आयफोनात टपालातील वा संदेशातील फाइलीवर बोट ठेवले की पास समोर येतो व 'अ‍ॅड' म्हणताच वॉलेटमध्ये जातो. मॅक संगणकावरही ती तशीच उघडते. अँड्रॉइड फोनाला मात्र ही फाइल कोणत्या अ‍ॅपकडे सोपवावी हे उपजत ठाऊक नसते. भारतात गूगल वॉलेट मे २०२४ मध्ये आले. त्यात पास ठेवता येतात. तसेच 'वॉलेटपासेस' यासारखी ह्याच कामासाठी केलेली अ‍ॅपही आहेत. ज्या माउलीची हकिगत वर आली, तिच्याबाबतीत तर याहून सरळ वाट आहे. तिच्याच फोनवर विमानकंपनीचे पान उघडावे, आरक्षणाचा क्रमांक व आडनाव घालावे आणि पास पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावा. ती फाइल कोणत्याही फोनवर उघडते व तालुक्याच्या दुकानात छापूनही मिळते. आयफोनासाठी बांधलेला गठ्ठा अँड्रॉइडवर सोडविण्याची धडपड करण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर.

आयफोनातच पास उघडत नसेल तर कारणाचा शोध क्रमाने घ्यावा. एकाच ठिकाणी दहा वेळा बोट आपटल्याने काही साधत नाही. प्रथम फाइलीचे नाव पाहावे. वाटेत एखाद्या यंत्रणेने गठ्ठा ओळखून शेवटी 'झिप' असे लिहिले असल्यास ते काढून 'पीकेपास' करावे. नंतर आकार पाहावा. शून्य किंवा नाममात्र असेल तर फाइल अर्धवट उतरली आहे, ती पुन्हा मागवावी. संदेशाच्या किंवा समाजमाध्यमाच्या अ‍ॅपच्या पोटातच लिंक उघडली असेल तर तीच सफारीमध्ये उघडून पाहावी. फोनाची तारीख चुकली असल्यास पाठविणाऱ्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे भासते आणि फाइल उतरतच नाही. कधी नाव 'पीकेपासेस' असे अनेकवचनी असते; त्यात कुटुंबातील सर्वांचे पास एकत्र असतात. आयफोनाला ते समजते, इतर अ‍ॅपना समजेलच असे नाही. तेथे गठ्ठा सोडवून एकेक पास वेगळा करावा लागतो. हे सर्व करूनही आयफोन नकार देत असेल, आणि सीलाबाबत फारशी चौकशी न करणाऱ्या एखाद्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये तीच फाइल उघडत असेल, तर दोष सीलाचा आहे असे समजावे. तो पास काढणाऱ्या संस्थेचा दोष होय. घेणाऱ्याच्या हातून तो सुटणार नाही. संस्थेकडे नवी फाइल मागावी.

विंडोजचा संगणक ही फाइल स्वतः उघडीत नाही. परंतु तिची एक प्रत काढून (मूळ फाइलीस हात लावू नये) त्या प्रतीचे नाव 'झिप' केले की ती सुटते. मग मुख्य कागद नोटपॅडमध्ये वाचता येतो. येथे अनेकांची निराशा होते, कारण ज्या चौकोनी कोडाच्या शोधात ते असतात त्याचे चित्र आत कोठेच नसते. असते ती केवळ एक अक्षरमाला व कोणत्या पद्धतीचा कोड काढावा याची सूचना. चित्र फोन स्वतः त्या वेळी रेखाटतो. दारावरील यंत्रही चित्राच्या सौंदर्याकडे पाहत नाही, त्या अक्षरमालेशीच त्याचे काम असते.

विमानाच्या पासाची ही अक्षरमाला वाचण्यासारखी असते. ती रोमन 'एम' ह्या अक्षराने सुरू होते. पुढे प्रवासाच्या टप्प्यांची संख्या, नाव, आरक्षणाचा क्रमांक, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण प्रत्येकी तीन अक्षरांत (मुंबईस बीओएम, पुण्यास पीएनक्यू), विमानाचा क्रमांक आणि तारीख. तारखेत महिना नसतो. वर्षाचा कितवा दिवस एवढाच आकडा असतो. १ फेब्रुवारी म्हणजे ०३२. १ मार्च म्हणजे साध्या वर्षी ०६० आणि लीप वर्षी ०६१. पाचवीच्या वर्गास हे उदाहरण घालून पाहावे. दिनदर्शिकेचा असा उपयोग मुलांना मोठा गमतीचा वाटेल.

ह्याच अक्षरमालेमुळे एक धोकाही उत्पन्न होतो. तिच्यात आडनाव व आरक्षणाचा क्रमांक शेजारी शेजारी असतात, आणि अनेक कंपन्यांच्या पानावर आरक्षण उघडण्यास तेवढ्या दोनच गोष्टी पुरतात. निघताना पासाचे छायाचित्र गावाच्या गटावर टाकण्याची हौस पुष्कळांना असते. त्या चित्रातील कोड कोणीही आपल्या फोनने वाचू शकतो. तसेच 'तुमची फाइल येथे द्या, आम्ही रूपांतर करून देतो' असे सांगणारी अनोळखी संकेतस्थळे असतात. त्यांच्याकडे पासाची फाइल सोपविणे म्हणजे अपरिचिताच्या हाती तिकीट देणे होय. मुलाने आईला आपल्या फोनावरील पासाचे पडद्यावरचे चित्र काढून एकटीस पाठविले तर त्याला हरकत नाही. विमानतळावर ते बहुधा चालते. मात्र दार बदलले वा वेळ पुढे गेली तर चित्रात तो बदल दिसत नाही. काही कार्यक्रमांच्या तिकिटांवरील कोड तर थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतो. तेथे चित्र मुळीच चालत नाही.

प्रवास आटोपल्यावर आणखी एक तक्रार येते, ती पास नाहीसा झाल्याची. आयफोनात २०२१ पासून मुदत संपलेले पास दृष्टीआड ठेवण्याची व्यवस्था आहे. वॉलेटच्या तळाशी अशा पासांची वेगळी जागा असते व तेथे तो जसाच्या तसा सापडतो. प्रवासभत्त्याच्या देयकास जोडावयाची प्रत तेथून काढता येते.